दोन्ही कान दिसायला हवेत

वहिनींचा व्हिसाचा अर्ज शनिवारी परत आला. रविवारी स्टुडिओ बंद असतो, त्यामुळे घरातल्यांनी बसून भांडायला तोच दिवस सोयीचा पडला.

स्टुडिओ खाली आणि घर वर. वरच्या खोल्यांत माणसं मावत नव्हती अशातला भाग नाही, पण या घरातले महत्त्वाचे तंटे पहिल्यापासून खालीच होत आले होते. वाटणीची बोलणी खाली झाली. धाकट्याचं लग्न खाली मोडलं आणि पुन्हा जुळलं तेही खालीच. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या लांब बाकावर ओळीनं बसलं की कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा होता.

बाकाच्या एका टोकाला आक्का होत्या. आक्का दादांच्या थोरल्या बहीण. राहायच्या पलीकडच्या गल्लीत, पण या घरात काही बिनसलं की त्यांना ते आपसूक कळायचं आणि त्या चपला घालून निघायच्या. मध्ये धाकटा, म्हणजे दादांचा भाऊ, आणि त्याच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्याची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणत. व्हिसाचा अर्ज तिनंच भरला होता, त्यामुळे हे प्रकरण आपल्यावर शेकतंय की काय, याचा अंदाज घेत ती गप्प बसली होती. दुसऱ्या टोकाला वहिनी, म्हणजे दादांची बायको. ज्यांच्यामुळे ही सभा भरली ते दादा मात्र बाकावर नव्हतेच. ते आपल्या रिटचिंगच्या टेबलापाशी सगळ्यांकडे पाठ करून, कानावर पेन्सिल ठेवून बसले होते.

त्या पेन्सिलीला आता काही काम उरलं नव्हतं. निगेटिव्हवर शिसं घासून चेहऱ्यावरचे वण, देवीचे खड्डे, सुरकुत्या घालवायचे दिवस कधीच सरले होते. आता तेच काम दादा कॉम्प्युटरवर करत. तरी रोज सकाळी ते पेन्सिलीला सुईसारखं टोक काढत आणि ती कानावर चढवत. पेन्सिल नसली की दादांना कमी ऐकू येतं, असं धाकटा म्हणायचा.

"वाच पुन्हा," आक्का म्हणाल्या.

धाकटीनं तिसऱ्यांदा वाचलं. अर्जासोबतचा फोटो आणि पासपोर्टवरचा फोटो एकाच व्यक्तीचे वाटत नाहीत. फोटोत फेरफार केलेला दिसतो. फेरफार न केलेला नवा फोटो आणि चेहऱ्यावरच्या ओळखखुणेचं वर्णन येत्या शुक्रवारपर्यंत पाठवावं. न पाठवल्यास अर्ज नामंजूर होईल.

"आणि तो व्हिसावाला एजंट काय म्हणाला?"

"तो म्हणाला, काकूंना जुळी बहीण आहे का?"

यावर कुणी हसलं नाही. वहिनींच्या डाव्या गालावर जन्मापासूनचा जांभळट लाल डाग होता. पासपोर्टचा फोटो कचेरीतल्या मुलीनं तिथल्या तिथे काढला, त्यात तो डाग जसाच्या तसा आला. तो फोटो पाहून दादा दोन दिवस चिडचिड करत होते, की प्रकाश चुकलाय, सावली चुकलीय, असल्या लोकांच्या हातात कॅमेरा देतंच कोण. व्हिसाच्या अर्जाला मात्र फोटो आपला आपण जोडायचा होता. तो घरच्या स्टुडिओत निघाला, दादांच्या हाताखालून गेला, आणि त्यातली बाई गोरीगोमटी निघाली. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झालीच नसती. त्याला फोटोवाल्याच्याच घरात नांदावं लागतं.

चूक म्हणून सोडून द्यावं तर वेळ नव्हता. बेबीचे पुढच्या महिन्यात दिवस भरत होते. बेबी म्हणजे दादा-वहिनींची एकुलती एक. लग्न होऊन परदेशात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरात ती अजून बेबीच होती. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं, आणि जावयाची नोकरी अशी की निम्मा महिना तो बाहेरगावी. लहानपणापासून बेबीनं कधी कुणाकडे काही मागितलं नाही. नव्या चपला हव्या असल्या तर जुन्या तुटेपर्यंत ती बोलायची नाही. अशी मुलगी मागच्या महिन्यात फोनवर एकदाच म्हणाली, "आई, तू ये." त्या दिवसापासून वहिनी मनानं तिकडेच होत्या. एकदा नामंजूर झालेला अर्ज पुन्हा करायचा म्हणजे किती महिने लागतील ते व्हिसावाल्यालाही सांगता येत नव्हतं, आणि बाळ काही व्हिसासाठी थांबणार नव्हतं.

"मी स्पष्टच बोलते," आक्का म्हणाल्या. "ह्यानं मुद्दाम केलंय."

"आक्का, काहीतरीच काय," धाकटा म्हणाला.

"काहीतरीच नाही. ही सहा महिने जाणार म्हटल्यापासून ह्याचं तोंड बघितलंस का? परवा मला विचारत होता, सहा महिने म्हणजे नक्की किती."

"असं विचारलंस तू, दादा?"

"तिकडच्या पद्धतीनं किती धरतात, ते विचारलं," दादा टेबलाकडे बघतच म्हणाले.

"तिकडे महिने वेगळे असतात का?"

 दादा टेबलावरची काच पुसत होते. ती स्वच्छच होती.

"आणि तो फॉर्म," आक्कांनी धाकटीकडे मोर्चा वळवला. "त्यात काय विचारलं होतं गं? परत यायचं कारण. काय लिहिलंस?"

"पती इथेच राहणार आहेत, असं लिहिलं. व्हिसावाल्यानंच सांगितलं. तो म्हणाला, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा."

"दुसरा काही मुद्दा नाही का, असं विचारलं होतं मी," वहिनी म्हणाल्या. "तो नाही म्हणाला."

वहिनी या सभेत पहिल्यांदाच बोलल्या. त्यांना आक्कांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता, कारण आक्का जे बोलत होत्या तेच कालपासून त्यांच्याही मनात घोळत होतं. बेबीकडे जाणार असं सांगितल्यावर दादा नुसतं "बरं" म्हणाले होते. नंतर एकदा म्हणाले, "मी इथे जेवायचं काय?" आणि स्वतःच, "ते होईल काहीतरी." याहून जास्त काही बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण जी गोष्ट बोलायची नाही ती हातानं करून टाकायचा मात्र होता, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. नवऱ्यानं आपल्याला लेकीकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून हे केलं असेल, तर आपण काय करायचं, हा विचार त्यांना सहन होत नव्हता.

त्यात ही पहिलीच वेळ नव्हती. वहिनींच्या वडिलांनी त्यांना लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला याच स्टुडिओत आणलं होतं. तेव्हा मालक दादांचे वडील. दादा पडद्यामागे रिटचिंग शिकत होते. फोटो सुरेख आला, मुलाकडच्यांना पसंत पडला, मंडळी घरी आली, आणि मुलगी समोर आल्यावर चहाचे कप तसेच ठेवून ती माणसं उठून गेली. फोटो एकीचा, मुलगी दुसरी, असं जाता जाता म्हणाली. मग वहिनींचे वडील स्टुडिओत भांडायला आले, मोठ्या मालकांनी पडद्यामागून मुलाला बाहेर बोलावलं, आणि पुढे मोठं महाभारत झालं. त्याचा शेवट असा झाला, की वहिनी या घरात आल्या. आपण आवडलो म्हणून दादांनी लग्न केलं, की काम अंगाशी आलं म्हणून निस्तरलं, हे त्यांना कधी कळलं नाही. पहिल्या वर्षी विचारायचा धीर झाला नाही, आणि नंतर विचारणं हास्यास्पद वाटायला लागलं.

"भांडून काय होणार?" धाकटा म्हणाला. "सोपं काम आहे. समोरच्याकडे मशीन आहे. पडदा ओढायचा, बसायचं, बटण दाबायचं, फोटो बाहेर. माणसाचा हातच लागत नाही. वहिनी, आत्ता जाऊन काढून येऊ."

समोरचा म्हणजे मोबाइलची कव्हरं विकणारा. त्यानं दोन वर्षांपूर्वी दारात फोटोचं मशीन ठेवलं, तेव्हापासून या घरात त्याचं नाव घेत नसत.

"समोरच्याकडे?" आक्का एकदम ताठ झाल्या. "ह्या घरातली थोरली सून समोरच्याकडे फोटो काढायला जाणार?"

"अगं, पण आत्ता तूच म्हणालीस ना, दादानं मुद्दाम..." धाकटा म्हणाला.

"ते आमचं घरातलं आहे. त्याचा समोरच्याशी काय संबंध? माझ्या भावानं मुद्दाम बिघडवला असेल, पण निदान चांगला तरी काढला होता."

"मी जाते समोर," धाकटी अचानक म्हणाली. आत्तापर्यंत तिनं कुणाचीच बाजू घेतली नव्हती. "म्हणजे, ताई, तुमच्यासोबत जाते. शुक्रवारपर्यंत पाठवायचंय, आक्का. इथे कुणाची अब्रू जाते ते नंतर बघू. तिकडे बेबी एकटी पडून आहे."

आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं, की एरवी ती आत निघून गेली असती. आज ती बसून राहिली. धाकटा बायकोकडे बघायला लागला आणि मग त्यानं ठरवलं की समोर जायची कल्पना त्याची नव्हतीच.

"तसं घरी काढला तर बरं," तो म्हणाला.

"तुमचं काय म्हणणं आहे?" वहिनींनी दादांच्या पाठीला विचारलं. "एकदा तोंडानं सांगा. मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

दादा वळले. खुर्ची जुनी होती, ती वळताना करकरली आणि सगळे तो आवाज संपेपर्यंत थांबले.

"वाटतंय," दादा म्हणाले.

आक्कांनी 'बघा' अशा अर्थानं हात उघडले.

"वाटतं की जाऊ नये," दादा पुढे म्हणाले. "घरात मी एकटा काय करू? पण म्हणून काय मी फोटो बिघडवीन?"

"बिघडवलातच की."

"बिघडवला?" दादांना हे खरोखरच लागलं. "चांगला फोटो होता तो."

वहिनी उठल्या, पर्स घेतली आणि दाराकडे निघाल्या. धाकटी लॅपटॉप मिटून मागोमाग उठली. समोरच्याचं मशीन काचेतून दिसत होतं, आणि समोरचाही दिसत होता. रविवार असून त्याचं दुकान उघडं होतं.

"बस," दादा म्हणाले. "मी काढतो. हात लावणार नाही."

वहिनींनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग पर्स पुन्हा बाकावर ठेवली.

दादांनी दिवे लावले. धाकटीनं नियम वाचायला सुरुवात केली आणि दादा ते विरुद्ध बाजूच्या वकिलाचे मुद्दे ऐकावेत तसे ऐकत राहिले.

"मागे पांढरं हवं."

"आहे."

"चष्मा नको."

"काढला," वहिनी म्हणाल्या.

"हसायचं नाही. तोंड बंद."

"ती बंदच ठेवते," आक्का म्हणाल्या. कौतुक होतं की टोमणा ते त्यांच्या बोलण्यावरून कधीच कळत नसे.

"चेहरा सरळ कॅमेऱ्यासमोर. दोन्ही कान दिसायला हवेत."

यावर दादा थांबले. या घरात वहिनींचे फोटो पुष्कळ होते. एक तर रस्त्याकडच्या शोकेसमध्येच होता. तो पाहून बायका आत यायच्या आणि आमचाही असाच काढा म्हणायच्या. पण लग्नातल्या फोटोपासून मागच्या महिन्यातल्या अर्जाच्या फोटोपर्यंत प्रत्येकात वहिनींची मान जरा डावीकडे वळलेली असे आणि कॅमेऱ्याला उजवा गाल मिळे. डाव्या गालाचं जे थोडं दिसेल त्याची दादा नंतर वाट लावत. आईला दुसरा कान आहे का, असं बेबीनं लहानपणी शोकेससमोर उभं राहून विचारलं होतं.

वहिनी स्टुलावर बसल्या. मान सवयीनं डावीकडे गेली.

"सरळ," दादा म्हणाले.

मान अर्धी आली.

"अजून."

आणखी येईना. तेव्हा दादा पुढे आले आणि नेहमीप्रमाणे दोन बोटं त्यांच्या हनुवटीखाली घातली. ही बोटं आजवर हनुवटी डावीकडे ढकलत आली होती. आज त्यांनी ती उजवीकडे आणली.

"हात लावणार नाही म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या.

"फोटोला म्हणालो होतो."

मग ते मागे गेले, भिंगातून बघितलं, आणि बटण दाबायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

फोटो कॉम्प्युटरवर आला, तसे सगळे दादांच्या खुर्चीमागे जमले. पडद्यावर वहिनी एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की बघायला थोडं मागे सरकावं लागत होतं. दोन कान, बंद तोंड, आणि तो डाग. वहिनी खुर्चीपासून लांबच उभ्या राहिल्या. आरशात त्या केसांपुरतं बघायच्या. स्वतःचा एवढा चेहरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता आणि आत्ता बघायची त्यांना घाई नव्हती.

"मापात कापतो फक्त," दादा म्हणाले.

"तोवर मी वर्णन लिहून टाकते," धाकटीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. "ताई, डाव्या गालावर, हे लिहिलं. पुढे काय लिहू? केवढा आहे?"

"आहे एवढा."

"आकार?"

"आता डागाला कसला आकार? डाग आहे म्हणून लिही."

"तेवढं चालणार नाही हो. ते पासपोर्टशी ताडून बघणार."

वहिनींनी गालाला हात लावला. हाताला काही कळत नव्हतं, कातडी सगळीकडे सारखीच लागत होती. सबंध जन्म तोंडावर वागवलेली वस्तू, पण तिचं वर्णन काही त्यांना करता येईना.

"डोळ्याखाली दोन बोटं सोडून सुरू होतो," दादा म्हणाले. ते पडद्याकडेच बघत होते. "वरची कड जवळजवळ सरळ. खालची नाही. खाली दोन टोकं आहेत, त्यातलं कानाकडचं लांब."

धाकटी लिहायला लागली.

"मध्ये मसुरीच्या दाण्याएवढी जागा मोकळी आहे, तिथे कातडी साधी आहे. नाकाकडची बाजू फिकट. थंडीत सगळाच गडद होतो. ताप असला की पसरल्यासारखा वाटतो, पण पसरत नाही, मी मोजून बघितलंय. बेबीच्या वेळी रंग पार उतरला होता. मग ती झाल्यावर महिन्याभरात होता तिथे आला. हिला राग आला की खालचं टोक आधी लाल होतं, बाकीचा नंतर."

धाकटीचा हात केव्हाच थांबला होता. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती, धाकटाही तिकडेच बघत होता आणि आक्काही. दादांच्या उजव्या हातात माउस होता, आणि दादा ज्या क्रमानं सांगत होते त्याच क्रमानं डाग पडद्यावरून जात होता. आधी वरची कड गेली. मग खालची टोकं, आधी आखूड आणि मग लांब. मधली मोकळी जागा थोडा वेळ एकटीच राहिली, मग तिच्या भोवतालचंही गेलं आणि ती कुठे होती ते कळेनासं झालं. हात इतका हलका चालत होता, की त्याच्या धन्याला त्याची काही खबर नव्हती.

"दादा," धाकटा म्हणाला.

"काय?"

"समोर बघ."

दादांनी बघितलं. पडद्यावर दोन कानांची, कोऱ्या गालांची एक बाई होती. दादांनी माउस सोडला आणि हात मांडीवर घेतला.

"हे मी कधी केलं?" त्यांनी विचारलं. विचारताना ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

 एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची आक्कांना सवय नव्हती. त्या थोडा वेळ पडद्याकडे आणि थोडा वेळ भावाच्या टकलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी चहा टाकते," आणि जिन्याकडे गेल्या. या घरात त्यांनी शेवटचा चहा कधी टाकला होता ते कुणाला आठवत नव्हतं. धाकटा त्यांच्यामागे साखरेचा डबा दाखवायला गेला.

वहिनी खुर्चीपाशी आल्या.

"एवढं सगळं माहितीये," त्या म्हणाल्या, "तर पुसायचात कशाला?"

दादा विचारात पडले. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

"फोटो लोकांसाठी असतो," ते म्हणाले. "शोकेसमध्ये लावतात. नातेवाइकांकडे जातो. कोण कुठे काय बघेल आणि काय बोलेल."

"आणि तुम्हाला बघायचा असला तर?"

"मला कशाला फोटो लागतोय? घरी तू होतीसच की."

धाकटीला एकाएकी चहाला मदत करावीशी वाटली आणि ती पण वर गेली.

वहिनी जवळच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याला आपला गाल बघवत नाही, म्हणून तो पुसतो, असं त्या धरून चालल्या होत्या. त्याच हिशेबानं त्यांनी संसार केला होता, फोटोत मान वळवली होती, आणि घरातही बोलताना नकळत उजवीकडून बोलायची सवय लावून घेतली होती. हे एवढंसं सांगायला या माणसाला एक अख्खा रविवार आणि परक्या देशाची नोटीस लागावी, याचा त्यांना संताप आला. त्या संतापाच्या पोटात कुठेतरी त्यांना फार बरंही वाटत होतं. तेही त्यांना लपवता आलं नाही, डोळे भरून आले.

"आणि पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं. "तो दाखवायचा फोटो?"

"ते काम होतं. वडील म्हणाले पूस, मी पुसलं."

"बस? एवढंच?"

"पुसायचं म्हटलं की नीट बघावं लागतं," दादा म्हणाले. "एका दिवसाचं काम होतं. मी बरेच दिवस लावले. वडील ओरडले."

वहिनींनी डोळे पुसले.

"ती माणसं उठून गेली असं कळलं," दादा म्हणाले, "तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं."

मंडळी चहा घेऊन खाली आली, तेव्हा आक्कांच्या चहात साखर नव्हती. सगळ्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

मूळ फोटो कॅमेऱ्यात होताच. तो धाकटीनं मापात कापला. तेवढा वेळ दादा दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, आणि सावलीबद्दल एकदाच काहीतरी पुटपुटले. वर्णनही गेलं. त्यातून राग आणि ताप धाकटीनं वगळला, मोकळी जागा ठेवली. व्हिसावाल्याचा फोन आला, की इतकं तपशीलवार वर्णन मी आजवर पाहिलं नाही, कुणा डॉक्टरकडून घेतलं का? धाकटी म्हणाली, घरचेच आहेत.

पुढच्या आठवड्यात पासपोर्ट आला. व्हिसाच्या चिकटवलेल्या कागदावर वहिनींचा लहानसा काळपट फोटो होता, आणि तेवढ्यातही डाग ओळखू येत होता. आक्कांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "तूच आहेस." बेबीला फोन लावला तर ती काही बोलेचना. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, स्वेटर आण."

निघायच्या दिवशी गाडी दारात आली, धाकटा बॅगा ठेवायला लागला आणि वहिनी पुन्हा स्टुडिओत आल्या. दादा टेबलापाशी होते. सोडायला विमानतळावर येत नाही, तिथे फार चालावं लागतं, असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

अर्जाला दोन फोटो लागले होते, बाकीचे उरले होते. त्यातला एक वहिनींनी पर्समधून काढला, दादांच्या टेबलावरची काच उचलली आणि खाली सरकवला. काच पुन्हा बसवून तिच्यावरून हात फिरवला.

"मी येईपर्यंत हा इथे राहू दे," त्या म्हणाल्या. "लोकांसाठी नाही."

दादांनी मान हलवली. फोटोवर खिडकीचा उजेड तिरका पडत होता, म्हणून त्यांनी टेबल थोडं सरकवलं.

"पेन्सिल द्या."

"ती कशाला?"

"द्या तर."

दादांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. वहिनींनी तिचं टोक बोटानं तपासलं, चष्म्याच्या घरात ती तिरपी बसवली आणि घर पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी ठेवलं.

"विमानात टोकदार वस्तू नेऊ देत नाहीत म्हणे," दादा म्हणाले.

"विचारलं तर सांगेन, नवऱ्याची आहे."

"मग?"

"मग काय? परत येताना आणते," वहिनी म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दादा दारात उभे होते. मग आत येऊन टेबलापाशी बसले. हात सवयीनं कानाकडे गेला आणि तसाच रिकामा खाली आला.